हवेतल्या परागांचा हिशेब

१६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा देशभर गाजरगवत जनजागृती सप्ताह म्हणून पाळला जातो. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने कृषी विज्ञान केंद्रे, महाविद्यालये, शाळा, ग्रामपंचायती त्यात उतरतात. बांधावर, शाळेच्या कुंपणाशी, रस्त्याच्या कडेला कमरेपर्यंत वाढलेले गवत उपटले जाते, ढीग रचले जातात, चार शब्द बोलले जातात. त्या चार शब्दांत पिकाचे नुकसान असते, गुरांनी ते खाल्ले तर दुधाला येणारा कडवटपणा असतो आणि माणसाच्या आरोग्याच्या वाट्याला शेवटचे एखादे वाक्य येते. हे गवत माणसाच्या कातडीचे, नाकाचे आणि श्वासनलिकेचे काय करते, हे पुण्याने फार लवकर अनुभवले आहे. निदान महाराष्ट्रात तरी या सप्ताहात ते एक वाक्य पुरेसे नाही.

१९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आर. एस. राव यांनी पुण्यात सापडलेल्या एका तणाची भारतासाठी नवी नोंद केली. पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे त्याचे शास्त्रीय नाव आणि अमेरिका खंडातला उष्ण पट्टा हा त्याचा मूळ मुलूख. आयात गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे आपण सारे ऐकत आलो. त्यासाठी अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्याखालच्या गव्हाकडे बोट दाखवले जाते. पण त्या कायद्याखालचा भारताबरोबरचा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि गवत त्याआधीच पुण्यात उभे होते. १९५१ च्या टंचाईतही अमेरिकी गहू आला होता, तेव्हा बी त्यातून आले असणे शक्य आहे. ते कसेही आलेले असो, पुढच्या काही दशकांत रेल्वेचे रूळ, कालवे आणि रस्ते यांच्या कडेने ते देशभर पोहोचले. आज मोकळा भूखंड, अर्धवट बांधकाम, नदीकाठचा राडारोडा, पडीक रान यांपैकी काहीही दिसले की पांढऱ्या बारीक फुलांचे हे गवत तिथे असणारच. ओल असेल तर त्याला ऋतूचेही बंधन नाही.

साठच्या दशकाच्या अखेरीपासून पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे एक वेगळाच रुग्ण येऊ लागला. शेतकरी, माळी, उघड्यावर राबणारी माणसे. पापण्या सुजलेल्या, चेहरा काळवंडून जाड झालेला, मानेच्या आणि कोपराच्या घड्यांत चरे पडलेले, खाज अशी की रात्रभर डोळ्याला डोळा नाही. डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचा धागा गाजरगवतापर्यंत नेला. सत्तरच्या दशकात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले रसायनशास्त्रज्ञही या कामात आले आणि गवतातले पार्थेनिन हे द्रव्य या त्वचारोगाच्या मुळाशी असल्याचे स्पष्ट झाले. त्यातली भयंकर गोष्ट अशी, की गवताला हात लावलाच पाहिजे असे नव्हते. वाळलेल्या पानांची भुकटी, खोडावरची सूक्ष्म लव आणि पराग वाऱ्याबरोबर येऊन उघड्या कातडीवर बसत, आणि तेवढे पुरे होई. काहींचा आजार वर्षानुवर्षे चालला. काहींना शेती सोडावी लागली. ज्याचे पोट रानावर आहे त्याला ‘रानात जाऊ नका’ हा सल्ला देताना डॉक्टरांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

दुसरा आजार नाका-छातीचा. तो बंगळुरूने नीट उलगडला. तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. व्ही. सुब्बा राव यांच्या गटाने सत्तरच्या दशकापासून या गवतावर काम केले. नाक गळणे, शिंका, डोळ्यांना पाणी अशा तक्रारींच्या रुग्णांना गाजरगवताच्या परागांचा अर्क त्वचेवर टोचून पाहिला, तेव्हा ३४ टक्के जणांत चाचणी सकारात्मक आली. दम्याच्या रुग्णांत हे प्रमाण १२ टक्के होते. १९९१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बंगळुरूतच झालेल्या आणखी एका अभ्यासात एका रोपावर सरासरी ६२ कोटींहून अधिक परागकण तयार होतात, असे मोजले गेले. एका रोपावर! शाळेच्या कुंपणाशी अशी किती रोपे उभी असतात, हे ज्याचे त्याने पाहावे.

पण सुब्बा राव यांच्या गटाचा त्याहून जुना, १९७७ चा एक अभ्यास आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. गवताच्या सान्निध्यात राहणाऱ्या लोकांना त्यांनी तपासले. प्रत्यक्ष त्वचारोग झालेले निघाले चार टक्के. मात्र बाहेरून निरोगी दिसणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांचे शरीर त्या गवताविरुद्ध आतून तयार झालेले होते. डॉक्टर या अवस्थेला सेन्सिटायझेशन म्हणतात. शरीर संवेदित झाले, असे आपण म्हणू. संवेदित होणे म्हणजे आजारी पडणे नव्हे. कित्येक जण आयुष्यभर संवेदित राहतात आणि त्यांना साधी शिंकही येत नाही. परंतु आजार येतो तो या वाटेनेच, आणि या वाटेवर पाऊल पडलेले कोणाला कळत नाही.

शरीरात घडते ते असे. पराग ओल्या नाकात पडला की त्यातली प्रथिने सुटून बाहेर येतात. बहुतेकांच्या बाबतीत रोगप्रतिकार यंत्रणा त्यांच्याकडे दुर्लक्ष करते. काहींच्या शरीरात मात्र त्या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाचे प्रतिपिंड तयार होतात आणि मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पहिल्या ऋतूत एवढेच होते. पुढच्या ऋतूत तोच पराग पुन्हा आला, की त्या पेशी काही मिनिटांत हिस्टामिन सोडतात आणि नाक, डोळे, श्वासनलिका सुजू लागतात. पार्थेनिनमुळे होणाऱ्या त्वचारोगाची तऱ्हा वेगळी आहे. तिथे आयजीईचा संबंध नसतो. टी-पेशी संथपणे, दोन-दोन दिवस घेऊन हल्ला करतात. म्हणून नाकाच्या ॲलर्जीची चाचणी हातावर टोचून पंधरा-वीस मिनिटांत वाचता येते, तर त्वचारोगासाठी पाठीवर पट्टी लावून ४८ तास थांबावे लागते. एकाच गवताने दोन वेगळ्या दारांनी केलेला हा प्रवेश आहे, आणि एका चाचणीवरून दुसऱ्या आजाराचे निदान होत नाही.

मग हवेत पराग जितके जास्त, तितके संवेदित लोक जास्त, असे सरळ म्हणता येईल का? या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांना स्वतःला दर उन्हाळ्यात नाक-डोळ्यांचा त्रास होई. लोक त्याला उन्हाची बाधा म्हणत. ब्लॅकलींनी स्वतःच्या खरवडलेल्या कातडीवर पराग ठेवून गांधी उठते का ते पाहिले, चिकट काचपट्ट्या हवेत ठेवून रोज पराग मोजले, पतंगाला पट्ट्या बांधून उंचावरचे परागही पकडले, आणि पराग वाढले की त्रास वाढतो हे आकड्यांनी दाखवले. त्यांचे पुस्तक १८७३ साली आले. योगायोगाने त्याच वर्षी कोलकात्यात डी. डी. कनिंगहॅम यांनी तिथल्या तुरुंगांच्या आवारातल्या हवेचे सूक्ष्मदर्शकाखाली केलेले निरीक्षण प्रसिद्ध केले. हवेतले सूक्ष्म कण आणि पटकी-हिवतापासारखे आजार यांचा संबंध ते शोधत होते. तो त्यांना सापडला नाही. पण हवेत काय तरंगते हे मोजायला भारतात सुरुवात झाली ती तेव्हा. म्हणजे या कामात आपण उशिरा आलेलो नाही. सुरुवात करून मध्येच थांबलो आहोत.

ब्लॅकलींनी आणखी एक गोष्ट टिपली होती. गवताच्या सर्वात जवळ असणाऱ्या शेतकऱ्यांत हा आजार कमी आढळत होता. पराग आणि संवेदन यांचे नाते सरळ रेषेचे नाही, याचा तो पहिला पुरावा. लहानपणापासूनचा सहवास, वंशपरंपरा, घरातला धूर, जंतूंशी आलेला संबंध असे पुष्कळ काही मध्ये येते. आकड्याचा परिणामही रुग्णागणिक आणि दिवसागणिक बदलतो. ऋतूच्या सुरुवातीला त्रास व्हायला भरपूर पराग लागतात. नाकाचे अस्तर एकदा चाळवले गेले, की ऋतूच्या अखेरीला त्याच्या अंशानेही तेवढाच त्रास होतो. पावसाची सर हवा धुऊन काढते, आणि दोन दिवसांच्या उघडिपीत दुपारच्या कोरड्या वाऱ्याने पराग पुन्हा चढतात. डिझेलच्या धुरातले कण परागाबरोबर नाकात गेले तर आयजीई अनेक पटींनी वाढते, हे अमेरिकेत रॅगवीड या तणाच्या परागांवर नव्वदच्या दशकात झालेल्या प्रयोगांत दिसले. रॅगवीड हे आपल्या गाजरगवताचे जवळचे नातलग आहे. एकाविरुद्धचे प्रतिपिंड दुसऱ्यालाही ओळखतात, हे बंगळुरूच्याच गटाने दाखवून दिले आहे. आपल्या शहरांतल्या वाहत्या रस्त्यांच्या दुभाजकांवर गाजरगवत उगवते. धूर आणि पराग यांची गाठ इथे रोजच पडते.

हे नाते किती घातक होऊ शकते, ते मेलबर्नने २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी पाहिले. रायगवताच्या परागांनी भरलेल्या हवेत वादळ शिरले. ओलाव्याने परागकण फुटले. अखंड परागकण बहुधा नाकातच अडकतो, फुटलेल्या परागातले बारीक कण थेट फुप्फुसात उतरतात. काही तासांत हजारो माणसे श्वासासाठी धडपडत रुग्णालयांत पोहोचली आणि या घटनेत दहा जणांचा जीव गेला. रुग्णालयांत पोहोचलेल्यांतल्या अनेकांना दमा असल्याचे कधी माहीतच नव्हते. वसंतात नाक गळते एवढेच त्यांना ठाऊक होते. तपासलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ सारे रायगवताला संवेदित निघाले. आणि त्यांत आशियाई, विशेषतः भारतीय उपखंडातून आलेल्या लोकांचे प्रमाण शहरातल्या त्यांच्या संख्येच्या मानाने फार मोठे होते. आपल्या घरोघरची मुले आज मेलबर्नमध्ये नोकरी-शिक्षणासाठी आहेत. इथे कधी शिंकही न आलेला माणूस तिथल्या गवताच्या दोन-चार वसंतांत संवेदित होऊ शकतो, ही गोष्ट त्यांना आणि त्यांच्या इथल्या आई-वडिलांना माहीत असायला हवी. व्हिक्टोरिया राज्याने पुढच्याच वर्षी गवतपरागांची मोजणी आणि हवामान एकत्र करून वादळी दम्याचा अंदाज द्यायला सुरुवात केली. दहा माणसे गेल्यावर का होईना, त्यांनी आकडा लोकांच्या हाती दिला.

आपल्याकडे हा आकडा रुग्णाच्या हाती नाही. राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकात आठ घटक मोजले जातात: दोन आकारांचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. परागांना त्यात जागा नाही. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, तिथून महानगरांच्या हवेचे अंदाज निघतात, आणि त्याच पुण्यातल्या दम्याच्या रुग्णाला आज हवेत गाजरगवताचे पराग किती आहेत हे सकाळच्या वर्तमानपत्रात वाचायला मिळत नाही.

त्याचा परिणाम तपासणीच्या खोलीत दिसतो. रुग्ण रक्त देतो, आठवड्याने कित्येक पदार्थांची यादी असलेला अहवाल येतो. अशा तयार याद्या पुष्कळदा परदेशी रुग्णांसाठी बेतलेल्या असतात. त्यात भूर्जाचे पराग असतात, तिमोथी गवत असते. भूर्ज हिमालयातले झाड, त्याचा सातारा-सोलापूरच्या माणसाच्या नाकाशी काय संबंध? वावळ, विलायती बाभूळ, एरंड, काटेमाठ, हराळी यांचे पराग इथल्या हवेत असतात, ते यादीत असतीलच असे नाही. आणि अहवालात एखाद्या परागासमोर सकारात्मक असे आले, तरी त्यावरून कळते ते एवढेच, की शरीर संवेदित आहे. त्रास त्याच परागाचा आहे की नाही हे ठरवायला आणखी एक गोष्ट लागते: त्रास होतो त्या महिन्यात तो पराग हवेत असतो का? हा दुवा नसेल तर डॉक्टर कितीही अनुभवी असला तरी अंदाजावर चालतो. १९११ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क वाढत्या मात्रेने टोचून उपचार सुरू केले; आजची इम्युनोथेरपी त्याच मार्गाने जाते. तीन-तीन वर्षे चालणारा हा खर्चिक उपचार चुकीच्या परागासाठी दिला गेला तर रुग्णाच्या पदरात काय पडणार?

आणि चुकीचा आळ आपण सहज घेतो. एप्रिल-मे महिन्यात गुलमोहर फुलला की शिंकांचा दोष त्याच्या माथी जातो. भडक फुले कीटक-पाखरांसाठी असतात, त्यांचे पराग जड आणि चिकट. हवेत लांबवर जातात ते बहुधा दिसू नये अशा फुलांचे पराग. फेब्रुवारीत निष्पर्ण फांद्यांवर वावळ फुलते, तेव्हा कोणाचे लक्षही जात नाही. कोणते झाड रस्त्याकडेला लावावे याचा निर्णय घेताना या माहितीचा विचार व्हायला हवा. जपानने युद्धानंतर डोंगरच्या डोंगर सुगी या सूचिपर्णी झाडाने भरले. २०१९ च्या पाहणीत तिथल्या दहांपैकी जवळजवळ चार माणसांना त्याच्या परागांचा त्रास असल्याचे आढळले आणि २०२३ मध्ये सरकारला सुगीची लागवड कमी करण्याचा आराखडा आखावा लागला.

महाराष्ट्राला हे काम परके नाही. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, प्रा. एस. टी. टिळक यांनी हवेतले पराग आणि बुरशीचे बीजाणू पकडण्यासाठी स्वस्त, स्वदेशी यंत्र तयार केले. टिळक एअर सॅम्पलर या नावाने ते देशातल्या अनेक प्रयोगशाळांत वापरले गेले. त्यांच्या हाताखाली एक पिढी परागांची ओळख शिकली. त्यांच्यासारख्यांच्या विद्यार्थ्यांनी ठिकठिकाणी वर्ष-दोन वर्षांच्या नोंदी केल्या, प्रबंध लिहिले. प्रबंध पूर्ण झाला की मोजणी थांबली. झाडे बदलली, शहरे पसरली, टेकड्यांवर पिवळा-केशरी कॉसमॉस आला, जो गाजरगवताच्याच कुळातला आहे. जुन्या नोंदी आजच्या हवेबद्दल काही सांगू शकत नाहीत. चंडीगडमध्ये तिथल्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने आणि पंजाब विद्यापीठाने मिळून शहराचे पराग-पंचांग अलीकडे तयार केले. कोणत्या महिन्यात कोणाचे पराग, हे तिथला नागरिक पाहू शकतो.

आता या सप्ताहाकडे. जूनच्या पावसाने उगवलेले गाजरगवत महिना-दीड महिन्यात फुलोऱ्यावर येते. म्हणजे १६ ऑगस्टला आपण जे उपटतो त्यातले पुष्कळसे फुललेले असते, आणि ते हलवले की पराग उडणारच. महाराष्ट्रापुरता तरी हा सप्ताह जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावा. फुललेले गवत शाळकरी मुलांच्या उघड्या हातांनी उपटून घेणे ताबडतोब बंद व्हावे. ज्या मुलाच्या शरीराची या गवताशी अजून गाठ पडलेली नाही, त्याला आपण समारंभपूर्वक तिथे नेतो. हातमोजे, लांब बाह्या, नाकावर फडके आणि दम्याच्या मुलांना सूट, एवढी काळजी कोणत्याही मुख्याध्यापकांना घेता येईल. पालिकेचे जे कामगार वर्षभर हे काम करतात, त्यांना हातमोजे देणे आणि त्यांची त्वचा-नाक तपासणी करणे हे तर मालकाचे कर्तव्यच आहे. शेवंती पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनाही सांगावे, की अंगावर खाज उठत असेल तर गाजरगवताची चाचणीही करून घ्या. एकाच कुळातल्या या वनस्पतींना शरीर सारखेच वैरी मानू शकते.

उपटण्याखेरीजही उपाय आहेत. १९८४ पासून बंगळुरूहून सोडलेला मेक्सिकन भुंगा पावसाळ्यात या गवताची पाने फस्त करतो. मोकळ्या जागी टाकळा वाढू दिला तर तो गाजरगवताला वर येऊ देत नाही. हे उपाय खरेच किती लागू पडले, ते हेक्टर मोजून कळेल, पण माणसाच्या दृष्टीने खरा पुरावा हवेतून मिळेल: मोहिमेआधी हवेत पराग किती होते आणि नंतर किती. तो आज कोणी मागत नाही.

त्यासाठी लागते ते फार नाही. मिनिटाला दहा लिटर हवा ओढणारे एक यंत्र; विसावलेल्या माणसाचा श्वास साधारण तेवढाच असतो. एक चांगला सूक्ष्मदर्शक. पराग ओळखणारी दोन माणसे. आपल्या प्रत्येक विभागात वनस्पतिशास्त्राचे विभाग असलेली जुनी महाविद्यालये आहेत. तिथे सूक्ष्मदर्शक आहेत आणि पदव्युत्तर विद्यार्थी आहेत. पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर आणि एखादे कोकणातले ठिकाण, अशा सहा जागी राज्याच्या आरोग्य खात्याने कायमस्वरूपी केंद्रे उभी करावीत. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाने त्याच गावातल्या रुग्णांच्या त्वचाचाचण्यांच्या नोंदी त्या आकड्यांशेजारी ठेवाव्यात. पाच वर्षे हे नेमाने झाले, तर कोणत्या गावात कोणत्या महिन्यात कोणता पराग माणसांना संवेदित करतो, हे महाराष्ट्राला अंदाजाने सांगावे लागणार नाही. अशी केंद्रे सुरू झाली, तर त्यांचा रोजचा आकडा कमाल-किमान तापमानाच्या शेजारी पहिल्या पानावर छापण्याची जबाबदारी हे दैनिक घेत आहे.